समासातल्या सात रेघा

छाया,

परवा तुझं तेरावं झालं. मुग्धानं सगळं व्यवस्थित केलं. फोटो मात्र तिनं भलताच निवडला. कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला, ज्यात तू कुणीतरी दटावल्यासारखी सरळ समोर बघतेस. तुझ्या लेकीला कुठून माहीत असणार की तुझा डावीकडून काढलेला फोटोच तुला पसंत असायचा? मी दमले होते. बोरिवलीहून मुलुंडपर्यंत दीड तास बसमध्ये बसले, घरी आले, चपला जागेवर ठेवल्या आणि मग बराच वेळ दिवाणखान्यात उभी राहिले. पुढे काय करायचं असतं ते सुचेना.

काल सकाळी मेलबर्नहून ईराचा फोन आला. माझी नात आता चौदा वर्षांची आहे. तू गेलीस हे तिला तिच्या बाबानं सांगितलं होतं. थोडं रडली. मग म्हणाली, "आजी, छायाआजी कॉलेजात असतानाच विसरायची ना गं? म्हणून तिनं नाटक सोडलं ना? तू सांगितलं होतंस."

हो. मीच सांगितलं होतं. ईराला, तिच्या भावाला निहारला, त्यांच्या बाबाला तो लहान असताना, दरवर्षी आंबे खायला जमलेल्या सगळ्यांना. छाया रंगमंचावर वाक्य विसरली आणि मी विंगेतून दिलं, हा माझा ठरलेला किस्सा. लोक हसायचे. तूही हसायचीस.

काल मी ईराला हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. आवाज नीट येत नाहीये असं सांगून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

म्हणून हे लिहायला बसलेय. लिहितेय तुला, पण ते पोचणार आहे त्या दोघांपर्यंत. त्यांना मराठी वाचता येतं तुटक तुटक, बाबा मोठ्यानं वाचून दाखवील. तेव्हा तुला ठाऊक असलेल्याच गोष्टी मी सांगायला लागले तर कंटाळू नकोस. त्यांना काहीच ठाऊक नाही. त्यांना तू म्हणजे फोनच्या पडद्यावरची छायाआजी, राक्षसाचा आवाज काढणारी.

आपल्या मुलुंडच्या कॉलेजचा हॉल एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की जूनपर्यंत रिकामा असायचा. मराठी शिकवणारे कर्णिक सर प्राचार्यांकडे गेले आणि मे महिन्यापुरती त्याची किल्ली मागून आले. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. पहिल्या उन्हाळ्यात आपण नऊजण होतो. सकाळी आठ ते एक तालीम, नंतर हॉल इतका तापायचा की बाकांना हात लावता यायचा नाही. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत प्रयोग. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, एकदा पार दहिसर, जिथे कुणी सोसायटीचं अंगण देईल तिथे. रविवारी प्रयोग ठेवायचा नाही, कारण संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा असायचा आणि त्याच्यापुढे आपण कोण? विनायकनं, म्हणजे आपल्या विन्यानं, नाव ठेवलं 'मे मंडळी'. आधी चेष्टेनं. मग तेच बॅनरवर आलं.

मे महिन्यात मुंबईतली मुलं गावी जातात. सरांची सगळ्यात मोठी अडचण तीच. मंडळीच्या आदल्या वर्षी कॉलेजच्या नाटकातला त्यांचा नायक तालमीच्या बाराव्या दिवशी आईबरोबर संगमेश्वरला निघून गेला होता. तेव्हापासून नवीन माणूस आला की सर अभिनयाबद्दल विचारायचेच नाहीत. पहिला प्रश्न एकच, "गावी कधी जाणार?"

तू म्हणालीस, "मी गावी जात नाही सर. गावच आमच्याकडे येतं. आत्ता घरात अकरा माणसं आहेत. तालीम संध्याकाळपर्यंत ठेवलीत तरी चालेल."

सर इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. तुला न वाचताच मुख्य भूमिका मिळाली.

मला मात्र वाचायला लावलं. मी अंधेरीच्या कॉन्व्हेंटमधून आलेली, इंग्रजी साहित्य घेतलेली. मराठी घरात बोलायचे, पण मोठ्यानं वाचताना शब्द इस्त्री केल्यासारखे निघायचे. चार ओळी झाल्या आणि विन्या मागून ओरडला, "सर, हिला राणी द्या! इंग्लंडची!" सगळे खिदळले. तू नाही हसलीस. तू म्हणालीस, "पण ती एक शब्द इकडचा तिकडे करत नाही, बघितलंत? मला असं कुणीतरी विंगेत पाहिजे."

मी प्रॉम्प्टर झाले ती अशी. पाच उन्हाळे.

ईरा, निहार, प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत संहितेची प्रत घेऊन बसणारा माणूस. नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचा. फक्त आमच्याकडे तो हळूच देऊन चालायचं नाही. आमची विंग म्हणजे दोन बांबूंवर बांधलेली चादर. अंगणाच्या चारी बाजूंना गॅलऱ्या. कुकरच्या शिट्या, नळाला पाणी आलं की बादल्या, "बंड्या, वर ये, दूध सांडलंस तू!" या सगळ्यातून शब्द नटापर्यंत पोचला पाहिजे. मी तो खणखणीत द्यायला शिकले. प्रेक्षकांनाही ऐकू जायचा, पण त्या कल्लोळात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

आणि वाट बघायची नाही. सर म्हणायचे, "अंगणात शांतता म्हणजे मध्यंतर." कुणी क्षणभर थांबलं की लोक बोलायला लागायचे, पोरं उठून पळायची. घाटकोपरला विन्या एकदा भाव आणायला म्हणून थांबला, तर दुसऱ्या मजल्यावरून एक आजी म्हणाल्या, "विसरला वाटतं मेला!" पुढची पाच मिनिटं ती बिल्डिंग हसत होती. म्हणून सरांनी मला नियम घालून दिला. नट थांबला की मनात तीन मोजायचे. तिनाला शब्द. मग तो विसरलेला असो की नसो.

मला नियम आवडतात. तुला माहितीय. माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यासुद्धा ठरलेल्या क्रमानं असतात. पाच उन्हाळे मी तीन मोजले, आणि पाच उन्हाळ्यांत आपला एकही प्रयोग अडला नाही. प्रयोग संपला की सर माझी प्रत मागून घेत आणि कुठे कोण अडलं ते तपासत. माझ्या खुणा बघून एकदा म्हणाले होते, "ही प्रत परीक्षेला बसवली तर पहिली येईल." ते वाक्य मी वर्षभर मनात घोळवलं होतं. हे ऐकून हसू नकोस.

त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? तालमीनंतर भांडुपच्या टेकडीवरचं तुझं घर. गावाहून आलेली अकरा माणसं, त्यात आणखी आपण दोघी. तुझी आई मला बघून म्हणायची, "इंग्लिशीतली इली गो! बस बाय, जेवूनच जा. तुका काटे काढूक येतत मा?" मला येत नव्हते. तू बांगड्याचे काटे काढून माझ्या ताटात ठेवायचीस आणि तोंडानं तुझी पुढची वाक्यं चालूच. तुझे बाबा कोपऱ्यात पेपर वाचत. गिरणी बंद पडल्यापासून ते घरीच होते. पेपरच्या मागून मध्येच म्हणायचे, "छाये, ते वाक्य परत म्हण. मगाशी बरं म्हटलंस." तू लाजायचीस. सर्वांसमोर कधी न लाजणारी तू.

पाचवा उन्हाळा शेवटचा ठरेल हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. सरांनी स्वतः दोन अंकी नाटक लिहिलं होतं. वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप परत येतो आणि मोठ्या झालेल्या मुलीपुढे उंबऱ्याबाहेर उभा राहतो. विन्या बाप, केसांना टाल्कम पावडर लावून. तू मुलगी. अंगणातले चार प्रयोग झाले. मग सरांनी खटपट करून एका खऱ्याखुऱ्या नाट्यगृहात सकाळचा प्रयोग मिळवला, आणि दादरच्या एका निर्मात्यांना बोलावलं. त्यांच्या पुढच्या नाटकात एका नव्या मुलीची जागा होती. सर त्यांच्याशी तुझ्याबद्दल बोलून आले होते.

तुझ्या हातात तेव्हा टेलिफोन खात्यातल्या नेमणुकीचं पत्र होतं. ऑपरेटरची नोकरी. आठवड्याभरात हजर व्हायचं होतं. घरात तुझ्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं, आणि तरीही तुझे बाबा तुला म्हणाले होते, "त्या माणसानं घेतलं तर पत्र परत कर. मी बघतो घराचं काय ते." हे तू मला कॉलेजच्या जिन्यात सांगितलंस. 

रंगीत तालमीच्या दिवशी तू माझ्याजवळ आलीस.

"शैले, तिकडे कुकर वाजत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला थांबता येईल. बाप विचारतो ना, 'आत येऊ का?', तिथे. मला लगेच नाही बोलायचंय. वीस वर्षांनी आलाय तो. ती लगेच कशी बोलेल?"

"मग किती थांबणार?"

"सात. सात मोज."

"सात? लोक उठून जातील!"

"जाऊ देत. तू फक्त मोज. आणि लिहून ठेव बाई, नाहीतर तुझं ते तीन."

मी तुझ्यादेखत पेन्सिल काढली. तुझ्या वाक्याच्या आधी, समासात, सात उभ्या रेघा ओढल्या. बारीक, सारख्या अंतरावर. तू मान तिरकी करून बघितलंस आणि म्हणालीस, "झकास. रेघासुद्धा काय आखीव गं तुझ्या."

छाया, हे तुला आठवत होतं. नंतर आठवेनासं झालं, आणि त्यात माझा हात आहे. तेच लिहायचंय, आणि तिथे पोचायला इतकी पानं लागली.

प्रयोगाच्या सकाळी मी पहिल्यांदा खऱ्या विंगेत बसले. स्टूल, छोटा दिवा, काळा मखमली पडदा. वातानुकूलित नाट्यगृहातली ती शांतता मला सोसेना. आपल्या बोलण्यावर कुणीच काही बोलत नाही, कुणी हाका मारत नाही, हे भीतिदायक होतं. पण तुला त्या शांततेत बघितलं आणि मला कळलं की पाच वर्षं आम्ही तुझं अर्धंच काम बघितलं होतं. अंगणात तू ओरडून बोलत होतीस. इथे तू नुसती वळलीस तरी कळत होतं.

प्रॉम्प्टरनं नजर पानावर ठेवायची असते. हाच पहिला नियम. त्या दिवशी, आयुष्यात एकदाच, मी पान सोडून तुझ्याकडे बघत बसले.

विन्या म्हणाला, "आत येऊ का?"

तू थांबलीस. तुझा हात चौकटीवर होता. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. नाट्यगृहात एवढी शांतता, आणि मनात आपोआप सुरू झालं, एक, दोन, तीन. तिनाला मी शब्द दिला. अंगणातल्या आवाजात. खणखणीत.

"दार कधी लावलंच नव्हतं!"

ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग दहा-बारा जण. तू डोळे मिटलेस, उघडलेस, आणि तेच वाक्य म्हणालीस. फार चांगलं म्हणालीस. पण ते आता माझं वाक्य होतं, तू फक्त माझ्यामागून म्हणत होतीस.

प्रयोगानंतर निर्माते बाहेरच्या जिन्यावर सरांशी बोलले. तू खांबाआड उभी होतीस, मी तुझ्या मागे. ते म्हणाले, "मुलगी गुणी आहे. पण पाठांतर कच्चं. ऐन जागी शब्द द्यावा लागतो. रोजच्या प्रयोगांना मला असं परवडत नाही." चांगला माणूस असावा. बोलताना वाईट वाटत होतं त्याला.

तू माझ्याकडे वळून एवढंच म्हणालीस, "तीनच मोजलेस ना गं?" रागानं नाही. मी म्हणाले, "मला वाटलं तू अडलीस." त्यावर तू तोंडावरची पावडर पुसायला निघून गेलीस.

त्या गडबडीत सरांनी प्रत मागितली नाही. मी ती पिशवीत घालून घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसले आणि ते पान उघडलं. सात रेघा तिथे होत्या. सर आज ना उद्या प्रत मागणार आणि बघणार, की खूण असताना मी शब्द दिला. पहिली येणारी प्रत. मी खोडरबर घेतलं आणि त्या पुसल्या. सावकाश, कागद न चुरगाळता. वरची भुकटी फुंकून टाकली.

तेव्हा मला एवढंच वाटत होतं की सरांसमोर माझी चूक दिसू नये. दुसरं काही मनात नव्हतं. पण दुपारी तू आलीस. उन्हातून, छत्री न घेता. दारातूनच बोलायला लागलीस.

"शैले, प्रत काढ. सर म्हणाले, आपण आजच त्या निर्मात्यांकडे जाऊ. खूण दाखवू. म्हणजे त्यांना कळेल की मी मुद्दाम थांबले होते. सर म्हणाले, असा माणूस आहे तो, ऐकेल. काढ ना!"

मी प्रत आणली. तू पान काढलंस. खिडकीशी जाऊन बघितलंस. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं, परत तेच.

"इथे तू रेघा काढल्या होत्यास."

"कधी?"

"रंगीत तालमीला. मी सांगितलं नव्हतं? सात मोज म्हणून?"

तो क्षण फार मोठा नव्हता, छाया. तीन मोजण्याएवढाच असेल. तेवढ्यात मला 'हो' म्हणता आलं असतं. 'मी पुसल्या' म्हणता आलं असतं. सर रागावले असते, तू दोन दिवस बोलली नसतीस, आणि तिघांनी जाऊन त्या माणसाला खरं सांगितलं असतं. कदाचित त्यानं तरीही नाही म्हटलं असतं.

मी म्हणाले, "नाही गं. तू काहीच सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर मी लिहिलं नसतं का?"

 मी सगळं लिहून ठेवते हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. तू खूप वेळ त्या पानाकडे बघत राहिलीस. मग प्रत बंद करून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "मग सांगायचं राहिलं असेल माझ्याकडून. डोकंच ठिकाणावर नव्हतं त्या दिवशी." मी तुला सरबत दिलं. तू ते प्यायलीस. आठवड्याच्या शेवटी टेलिफोन खात्यात हजर झालीस.

पुढच्या वर्षी कॉलेजचा हॉल दुसऱ्या परीक्षांसाठी लागला. किल्ली मिळाली नाही. सर नाशिकला बदलून गेले. मे मंडळी कुणी बंद केली नाही, ती पुन्हा सुरू झाली नाही इतकंच. बॅनर विन्याकडे होता. त्याच्या आईनं त्याचं गादीला अस्तर केलं.

तू तुझा आवाज ट्रंक कॉल जोडण्यात घालवलास. हे तुला कधी वाया गेल्यासारखं वाटलं का, मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं. पण ईरा, निहार, हे ऐका. तुमचा बाबा जन्मला तेव्हा आजोबा नागपूरकडे साइटवर होते. तिथे फोन लावायचा म्हणजे तासन्‌तास वाट बघायची. छायाआजीनं तिच्या बोर्डवरून दहा मिनिटांत लाइन जोडली आणि नियम मोडून स्वतःच सांगून टाकलं, "बोला अभिनंदन! मुलगा झालाय, आई झोपलीय, आवाज तुमच्यावर गेलाय!" आजोबा म्हणायचे, त्यांना वाटलं रेडिओवर कुणी त्यांचं नाव घेतंय. तुमच्या बाबाचं जगातलं पहिलं वर्णन तिच्या तोंडचं आहे.

आणि मी? मी ग्रंथपाल झाले. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला कार्ड. चोख.

दर मे महिन्यात तू, मी आणि विन्या आंबे खायला जमायचो. विन्या मुद्दाम काढायचा, "काय मग, तीन की सात?" सुरुवातीची वर्षं तू ठणकावून म्हणायचीस, "मी थांबले होते. हिला सांगायचं राहिलं, एवढंच." मी म्हणायचे, "चल गं, विसरली होतीस तू." किती सहज यायचं ते मला. खोटं पुष्कळदा बोललं की त्याची कड बोथट होत असावी. मग तू म्हणायला लागलीस, "असेल बाई. काय ते आता." आणि नंतरच्या वर्षांत माझ्याआधी तूच किस्सा सांगायचीस, स्वतःवर. "आमची प्रॉम्प्टरबाई होती म्हणून वाचले!" मी आंब्याची साल काढत बसायचे.

मग खरंच विसरायला लागलीस. किल्ल्या, दुधाचं पातेलं, मुग्धाच्या नवऱ्याचं नाव. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी तू मला फोन केलास. घाबरली होतीस, पण आवाज हसरा ठेवला होतास. म्हणालीस, "शैले, हे बहुतेक तेव्हापासूनच असणार बघ. त्या नाटकापासून. तुला सांगितलंच नव्हतं, वाक्यही आठवलं नाही. तेव्हाच सुरू झालं असेल."

मी म्हणाले, "काहीतरीच काय."

एवढंच म्हणाले मी, छाया. काहीतरीच काय.

त्यानंतर मी तीनदा प्रत पिशवीत घालून बोरिवलीला आले. पहिल्यांदा मुग्धा घरात होती. दुसऱ्यांदा तू फार आनंदात होतीस, ते मोडवेना. तिसऱ्यांदा मला कारणच सापडलं नाही, तरीही नाही सांगितलं. प्रत पिशवीत, पिशवी मांडीवर.

तिसऱ्या वेळचं एक आठवतं. तेव्हा तू माणसं ओळखायची जवळजवळ थांबली होतीस. खिडकीशी बसली होतीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू..." आणि अडलीस. मुग्धा लगबगीनं पुढे झाली. बिचारी दिवसभर तुला शब्द पुरवायची. म्हणाली, "शैलामावशी, आई. शैला..." मी तिला हातानं थांबवलं. म्हटलं, "देऊ नकोस. थांब जरा."

मी मोजायला लागले. तीन गेले. सात गेले. खाली भाजीवाला ओरडत होता. मुग्धा माझ्याकडे बघत होती, म्हातारी असं काय करतेय म्हणून. अकराला तू म्हणालीस, "तू चहा घेशील ना गं, शैले?"

मी चहा घेतला. साखर नव्हती त्यात.

काल फोन ठेवल्यावर मी ती प्रत काढली. फुलस्केपचे कागद पिवळे पडलेत, टॅग गंजलाय. पान उजेडात तिरकं धरलं की समासात सात बारीक चरे अजून दिसतात. पेन्सिल पुसली गेली, दाब राहिला. तू त्या दिवशी खिडकीशी पान सरळ धरून बघितलंस. जरा तिरकं धरलं असतंस तर. मी पेन्सिलीला टोक केलं आणि त्याच चऱ्यांवरून सातही रेघा पुन्हा ओढल्या. हात आता थरथरतो. आखीव नाही आल्या.

मग आज, इथवर लिहून झाल्यावर, ईराला परत फोन लावला. आधी तिला सगळं सांगितलं, जे इथे लिहिलंय ते. ती मग म्हणाली, "यू लाइड, आजी." म्हटलं, हो. तेव्हाच्या तुझ्या आजीला हे असं थेट कुणी सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं. मग मी त्या पानाचा फोटो पाठवला आणि म्हटलं, "बापाचं वाक्य तू वाच. छायाआजीचं मी वाचते."

ती अक्षरं लावत म्हणाली, "आत... येऊ... का?"

मी पानावर बोट ठेवलं. पहिली रेघ, दुसरी, तिसरी. तिकडे मेलबर्नमध्ये कुठलासा पक्षी ओरडत होता. चौथी. पाचवी.

"आजी?" ईरा म्हणाली. "आजी, विसरलीस का?"

"नाही गं," मी म्हटलं. "थांबलेय."